नऊ तारीख आणि बाजाराचा वार

पेठ तालुक्यातल्या एका आरोग्य केंद्रातली बैठक मला अजून आठवते. भिंतीवर आकड्यांचा तक्ता, प्लॅस्टिकच्या खुर्च्या, मध्ये निवलेला चहा. प्रश्न एकच होता. दर महिन्याच्या ९ तारखेला गरोदर बायकांची मोफत तपासणी होते. देशभर २०१६ पासून हीच तारीख ठरलेली आहे. डॉक्टर असतात, रक्त तपासतात, बीपी बघतात. तरी वरच्या पाड्यांवरच्या बायका येत नाहीत. आता काय करायचं? पाचेक मिनिटांत उत्तर ठरलं: जनजागृती. पोस्टर लावायची, पाड्यावर पथनाट्य करायचं, बायकांना तपासणीचं महत्त्व पटवून द्यायचं. पथनाट्य लिहायचं काम माझ्याकडे आलं.

मी ते लिहिलंच नाही. लिहायला बसण्याआधी दोन दिवस पाड्यावर राहून येऊ, असं आम्ही तिघींनी ठरवलं. नाशिकहून सावळघाट ओलांडून गेलो, राहिलो, आणि तिथे जे दिसलं त्यानंतर पथनाट्याला विषयच उरला नाही.

असं आधी जाऊन बसण्याला, बघण्याला आणि मग उपाय रचण्याला एक नाव आहे: ह्यूमन सेंटर्ड डिझाइन. मराठीत मानवकेंद्री रचना म्हणता येईल. नाव जड आहे, गोष्ट साधी आहे. ज्याच्यासाठी उपाय करायचा त्याच्या रोजच्या दिवसापासून सुरुवात करायची. आपली योजना, आपलं बजेट, आपल्याला आवडलेलं यंत्र हे सगळं नंतर.

डिझाइन म्हटलं की साडीचा काठ नाहीतर दुकानाची पाटी डोळ्यांसमोर येते. इथे त्याचा अर्थ बराच मोठा आहे. रेशन दुकान किती वाजता उघडतं, हे डिझाइन आहे. दाखल्याच्या अर्जात कोणते रकाने आहेत, दवाखान्यातला बाक कुठे ठेवलाय, सार्वजनिक नळाची तोटी किती उंचीवर आहे आणि तिच्याखाली हंडा बसतो का, हेसुद्धा. कुणीतरी कुठेतरी बसून हे ठरवलेलं असतं. ठरवताना कोण डोळ्यांसमोर होतं, ते मात्र आपण क्वचितच विचारतो.

हा शब्द आला उद्योगातून आणि संगणकातून. वापरणाऱ्याला मध्यभागी ठेवून संगणकयंत्रणा कशी बनवावी, याचं आंतरराष्ट्रीय मानक १९९९ मध्ये निघालं. अमेरिकेत डेव्हिड केली आणि त्यांच्या आयडिओ या कंपनीने ही पद्धत वस्तू घडवताना वापरून रुजवली, स्टॅनफर्ड विद्यापीठात ती शिकवायला सुरुवात झाली, आणि २०११ मध्ये गरिबी, आरोग्य, पाणी असल्या प्रश्नांसाठी आयडिओ डॉट ऑर्ग ही वेगळी ना-नफा संस्था निघाली. सामाजिक संस्थांच्या प्रशिक्षणांत हा शब्द सारखा कानावर पडू लागला तो त्यानंतर. इतिहास एवढा पुरे, कारण शब्द येण्याच्या कितीतरी आधी आपल्याच देशात हे काम झालेलं आहे.

१९६८च्या सुमाराची गोष्ट. जयपूरच्या सवाई मानसिंह रुग्णालयात डॉ. प्रमोद करण सेठी हाडांचे डॉक्टर होते. पाय गमावलेल्यांना तेव्हा परदेशी पद्धतीचा कृत्रिम पाय बसवत. लोक तो घेऊन घरी जात आणि काही दिवसांनी पुन्हा कुबडीवर दिसत. त्या पायाला बूट लागायचा. इथला माणूस अनवाणी चालतो, शेतातल्या चिखलात उतरतो, मांडी घालून जेवतो, उकिडवा बसतो. त्या पायाने यातलं काही जमत नव्हतं. रुग्णालयात कुष्ठरुग्णांना हस्तकला शिकवायला येणारे रामचंद्र शर्मा नावाचे कारागीर होते. ते आणि डॉ. सेठी मिळून रबराचा, सगळ्या बाजूंनी वाकणारा, पायासारखाच दिसणारा पाय घडवू लागले. तोच जयपूर फूट. १९७५ पासून भगवान महावीर विकलांग सहायता समितीने तो लाखोंपर्यंत पोचवला. 'पेशंटला कृत्रिम पायाचं महत्त्व कळत नाही, समुपदेशन करा' असं म्हणून त्या दोघांना मोकळं होता आलं असतं. त्यांनी पेशंटला बदलायचा प्रयत्न केला नाही, पाय बदलला.

आता पाड्यावर परत जाते, कारण समजून घेणं म्हणजे नेमकं काय करायचं, हे मला तिथेच कळलं.

पहिल्या दिवशी मी चूक केली. सात महिन्यांची गरोदर एक वहिनी दारात राखेने भांडी घासत होत्या. मी समोर बसून थेट विचारलं, "वहिनी, तपासणीला का येत नाही तुम्ही?" त्यांनी पदर नीट केला आणि म्हणाल्या, "येऊ की." संपलं. पाहुण्याला दुसरं काय सांगणार? थेट प्रश्नाला माणसं समोरच्याला बरं वाटेल असं उत्तर देतात. त्यात खोटेपणा नसतो, रीत असते. सर्व्हेचे फॉर्म भरून आणणाऱ्यांना हा अनुभव नेहमी येतो. सगळे रकाने 'हो'ने भरतात आणि गाव होतं तिथेच राहतं.

म्हणून या पद्धतीत विचारण्यापेक्षा बघण्यावर भर असतो. दुसऱ्या दिवशी आम्ही प्रश्न विचारणं सोडून दिलं आणि त्यांच्याबरोबर दिवस काढला. पहाटे विहिरीवर गेलो. चुंबळ ठेवून हंडा डोक्यावर घेतल्यावर चढावर श्वास कसा लागतो ते अनुभवलं. नागलीच्या भाकरी थापताना शेजारी बसलो. दुपारी निवांत झाल्यावर मी म्हटलं, "तुमचं ते कार्ड बघू का?" त्या आत गेल्या आणि पत्र्याची पेटी घेऊन आल्या. पेटीत सर्वांत वर रेशनकार्ड, त्याखाली प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळून, वर सुतळी बांधून माता-बाल संरक्षण कार्ड. एक डाग नाही, एक घडी नाही. आत तपासणीच्या रकान्यांत फक्त एक नोंद.

ती सुतळी सोडताना त्यांची बोटं ज्या काळजीने चालत होती, ते पाहून मला बैठकीतला आमचा निर्णय आठवला आणि लाज वाटली. या बाईला आम्ही तपासणीचं महत्त्व पटवून देणार होतो.

मग बोलणं आपोआप निघालं, आणि त्यात सासूबाईच जास्त बोलल्या. तारीख कुणाच्या लक्षात राहत नाही, कारण पाड्यावरचा काळ तारखांवर चालत नाही. तो बाजारावर चालतो. 'दोन बाजार झाले,' 'पुढच्या बाजाराला' असंच बोलतात. आणि ९ तारीख आठवड्याच्या कुठल्याही वारी येते. काळी-पिवळी जीप पाड्याच्या फाट्यापर्यंत येते ती फक्त बाजाराच्या दिवशी. इतर दिवशी जायचं तर डांबरी रस्त्यापर्यंत पायी उतरायचं आणि संध्याकाळी तेवढंच चढून यायचं. नवरा दिवाळीनंतर दिंडोरीकडे द्राक्षाच्या कामाला गेलेला. मोठं पोर तीन वर्षांचं, ते कुणाकडे सोडायचं? तिथे गेल्यावर नंबर येईपर्यंत दुपार होते, आणि पोटात अन्न नसलं की चक्कर येते. सासूबाई शेवटी म्हणाल्या, "बाजाराच्या दिवशी ठेवा की. मीच घेऊन येईन हिला."

जपानच्या टोयोटा कारखान्यातून आलेली एक सवय इथे उपयोगी पडते. एखादी गोष्ट बिघडली की 'का' हे एकदा विचारून थांबायचं नाही, पाच वेळा विचारायचं. बायका का येत नाहीत? तारीख चुकते. का चुकते? गाव वारावर चालतं. वार का महत्त्वाचा? त्याच दिवशी गाडी असते. पहिल्या 'का'ला थांबलं तर उत्तर 'आठवण करून द्या' असं येतं, म्हणजे पुन्हा पोस्टर. तिसऱ्या 'का'ला वेळापत्रक बदलण्याची गोष्ट निघते. मात्र हे 'का' स्वतःला विचारायचे असतात. समोरच्या माणसावर पाच वेळा 'का' फेकले तर ती चौकशी होते आणि माणूस मिटून जातो.

ब्रिटनच्या डिझाइन कौन्सिलने या सगळ्या प्रवासाचं चित्र शेजारी शेजारी ठेवलेल्या दोन हिऱ्यांसारखं काढलं आहे. मला ते मासे धरणाऱ्या कोळ्याच्या जाळ्यासारखं वाटतं. आधी जाळं पसरायचं, मग ओढून आवळायचं, आणि हे दोनदा करायचं. पहिल्यांदा पसरायचं ते प्रश्न शोधायला: खूप बघायचं, खूप ऐकायचं, आणि मग आवळून एका वाक्यात नेमका प्रश्न मांडायचा. दुसऱ्यांदा पसरायचं ते उपायांसाठी: सुचतील तेवढ्या कल्पना मांडायच्या, वेड्यावाकड्यासुद्धा, आणि त्यातली एखाद-दुसरी निवडून करून बघायची. आपल्या बहुतेक बैठकांत पहिलं जाळं टाकलंच जात नाही. प्रश्न आधीच ठरलेला असतो, वरून पत्रात छापून आलेला.

प्रश्नाचं वाक्य बदललं की उत्तरं कशी बदलतात ते बघा. 'बायकांना तपासणीचं महत्त्व कसं पटवावं?' या वाक्यातून फक्त भाषणं निघतात. 'सातव्या महिन्यातल्या बाईला, तीन वर्षांचं पोर बरोबर घेऊन, उपाशी न राहता, एका दिवसात जाऊन येता येईल अशी तपासणी कशी करता येईल?' या वाक्यातून गाडी, वार, वेळ, खाऊ, पोरासाठी सतरंजी अशा करता येण्यासारख्या गोष्टी निघतात. मला विचाराल तर सगळ्या पद्धतीतलं सर्वांत अवघड आणि सर्वांत मोलाचं काम हे वाक्य लिहिणं आहे. बाकी सगळं सावकाश जमतं.

महाराष्ट्रात हे काम सर्वांत खोलवर कुणी केलं असेल तर गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी. तिथले आदिवासी दवाखान्यात यायला घाबरत. त्यांनाच विचारल्यावर कारणं कळली. मोठ्या इमारतीत हरवल्यासारखं होतं, नातेवाइकांना जवळ राहू देत नाहीत, आणि डॉक्टर-नर्स ज्या पांढऱ्या कपड्यांत वावरतात तो तर प्रेतावर घालायचा रंग. मग शोधग्राम या त्यांच्या कामाच्या ठिकाणचा दवाखाना गोंडांच्या घरांसारखा बांधला गेला, नातेवाइकांना राहायला जागा झाली, आणि लोकांच्या देवीच्या नावाने तो माँ दंतेश्वरी दवाखाना झाला.

याच कामातली एक छोटी वस्तू मला फार आवडते. बाळाला न्यूमोनिया झालाय का हे ओळखायचं तर एका मिनिटातले श्वास मोजावे लागतात. लहान बाळाचा श्वास साठीच्या घरात गेला की धोका. गावातल्या दाया अनुभवी होत्या, पण त्यांतल्या अनेकींना दहा-बाराच्या पुढे मोजता येत नव्हतं. आता काय करणार, त्यांना आधी साक्षर करणार? तोवर बाळं थांबणार नव्हती. बंग यांनी एक साधन केलं. एका पाटीवर मिनिटभराचं वाळूचं घड्याळ आणि तारेत ओवलेले मणी. दहा श्वास मोजले की एक मणी सरकवायचा. वाळू संपायच्या आत शेवटचा लाल मणी सरकला तर औषध सुरू करायचं. दाईला दहापर्यंत मोजता येतं, तेवढ्यावर सगळं उभं केलं. तिला काय येत नाही याची यादी कुणी केली नाही. घरोघरी नवजात बाळांची काळजी घेण्याचा तिथला प्रयोग १९९९ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात छापून आला. तिसऱ्या वर्षी नवजात मृत्युदर ६२ टक्क्यांनी खाली आला होता. पुढे २०११ पासून देशभरच्या आशाताई हेच काम करू लागल्या.

उलटी उदाहरणंही माहीत हवीत. दक्षिण आफ्रिकेत प्लेपंप नावाची कल्पना निघाली: मुलांच्या फिरत्या चक्रीला पाण्याचा पंप जोडायचा. मुलं खेळतील, टाकी भरेल. ऐकायला इतकी गोड कल्पना की २००६ मध्ये अमेरिकेतून तिला १ कोटी ६४ लाख डॉलरचं पाठबळ जाहीर झालं. गावांत काय झालं? मुलं थोडा वेळ खेळून दमत. मग ती जड चक्री बायकांना फिरवावी लागे, म्हाताऱ्या बायकांनासुद्धा, आणि सगळ्यांसमोर तसं करणं त्यांना लाजिरवाणं वाटे. बिघडली तर दुरुस्तीला महिने लागत. एका ब्रिटिश वृत्तपत्राने हिशेब मांडला की ठरवलेल्या लोकसंख्येला पाणी पुरवायचं तर मुलांना दिवसाचे २७ तास खेळावं लागेल. काही ठिकाणी तर आधी चालू असलेला साधा हातपंप काढून ही चक्री बसवली होती. ज्या बाईला रोज पाणी भरायचं, तिला 'तुला हे हवंय का' असं कुणी विचारलं नव्हतं.

आपल्याकडच्या बिनधुराच्या चुलीचंही तसंच झालं. १९८०च्या दशकात सुरू झालेल्या राष्ट्रीय कार्यक्रमात तीन कोटींहून जास्त चुली वाटल्या गेल्या, २००२ मध्ये कार्यक्रम बंद झाला, आणि त्यांतल्या कितीतरी चुली त्याआधीच फुटल्या किंवा अडगळीत गेल्या होत्या. धूर वाईट आहे हे बाईला ठाऊक होतं. डोळे तिचे चुरचुरत होते. पण मोठा तवा नव्या चुलीवर बसत नव्हता, लाकूड बारीक फोडावं लागे, धुराडं साफ करायला छपरावर कोण चढणार, आणि गवताच्या छपराला कीड लागू नये म्हणून थोडा धूर हवाही असतो. बिनधुराच्या चुलीवरसुद्धा भाषणं खूप झाली होती.

आता दुसऱ्या जाळ्याकडे. उपाय सुचला म्हणजे तो लगेच जिल्हाभर लागू करायचा नसतो. आधी कच्चा नमुना करायचा, स्वस्तात, चार दिवसांत, मोडला तरी हळहळ वाटणार नाही असा. वस्तू असेल तर पुठ्ठ्याची, अर्ज असेल तर हाताने लिहिलेला, सेवा असेल तर एका ठिकाणी एक दिवस चालवून बघायची. स्टॅनफर्डच्या विद्यार्थ्यांनी २००७ मध्ये कमी दिवसांच्या बाळांना ऊब देणारी एम्ब्रेस नावाची पिशवी बनवायला घेतली. तिच्या एका नमुन्यावर तापमान दाखवणारे आकडे होते. भारतातल्या खेड्यांत आयांना दाखवल्यावर कळलं की डॉक्टरी औषध फार कडक असतं या समजुतीने डॉक्टरांनी सांगितलेल्या ३७ अंशांऐवजी थोडं कमीच ठेवू, असं त्यांना वाटतं. बाळाच्या काळजीपोटीच त्या असं करणार होत्या, आणि बाळाला तेच घातक होतं. मग आकडे काढून 'ठीक आहे' आणि 'ठीक नाही' एवढंच दाखवणारी खूण आली. प्रयोगशाळेत बसून हे कुणालाही सुचलं नसतं.

आमचा नमुना याहून खूप साधा होता. सिस्टर आणि आशाताई तयार झाल्या. ९ तारखेला मोठी तपासणी होते ती तशीच राहील. शिवाय बाजाराच्या दिवशी, बाजाराजवळच्या एका खोलीत वजन, बीपी, हिमोग्लोबिन आणि गोळ्या एवढंच करू. शाळेतून एक बाक आणला, जुन्या साडीचा पडदा लावला. पहिल्या बाजाराला सकाळी नऊपासून बसलो. बारापर्यंत जवळजवळ कुणी नाही. आशाताईंचा चेहरा पडला. मी बाहेर बाजारात जाऊन उभी राहिले आणि कारण समोर दिसलं: सकाळी बायका स्वतः विकायला बसलेल्या असतात. भाजी, खुरसणी, कोंबड्या. माल संपल्याशिवाय त्या उठणार नाहीत, आणि तीनला जीप सुटते. मधली दोन-अडीच तासांची खिडकी आमची.

पुढच्या बाजाराला बारा ते अडीच अशी वेळ ठेवली. बायका आल्या, पण ज्यांना दिवस गेल्याचं नुकतंच कळलं होतं त्या आल्या नाहीत. पहिल्या तीन महिन्यांत गावात बोभाटा नको असतो, आणि आमच्या खोलीचं दार बरोबर बाजाराकडे उघडत होतं. मागच्या बाजूला दुसरं दार होतं, त्याला कुलूप होतं. किल्ली मिळवायला एक आठवडा गेला. तिसऱ्या बाजाराला मागचं दार उघडं होतं, आणि बाहेर कुठलीही पाटी नव्हती. त्या दिवशी सासूबाई सुनेला घेऊन आल्या. पिशवीत ते सुतळी बांधलेलं कार्ड होतं आणि फडक्यात भाकरी. दुसरी नोंद त्या दिवशी पडली.

वार, वेळ, दार. तिन्ही बदलांना मिळून पैसे लागले ते फक्त कुलपाच्या नव्या किल्लीचे. मला याचा खूप आनंद झाला होता, अजून होतो, आणि म्हणूनच मी ही पद्धत भेटेल त्याला सांगत असते.

नाशिक शहराला तर ही पद्धत येत्या काळात फार लागणार आहे. २०२७चा सिंहस्थ दारात उभा आहे. २००३च्या कुंभात रामकुंडाकडे जाणाऱ्या अरुंद रस्त्यावर चेंगराचेंगरीत ३९ माणसं गेली, ते या शहराने पाहिलंय. २०१५च्या सिंहस्थाआधी मूळचे नाशिकचे आणि अमेरिकेतल्या एमआयटीत प्राध्यापक असलेले रमेश रासकर यांच्या पुढाकाराने इथे कुंभथॉन झालं. कॉलेजातली पोरं, डॉक्टर, पोलीस, महापालिकेतले लोक एकत्र बसून कुंभाचे प्रश्न शोधू लागले. नाशिकच्याच एका शाळकरी मुलाने साथीदारांबरोबर पायाखाली अंथरायची एक चटई बनवली. तिच्यावरून जाणाऱ्यांची पावलं मोजून गर्दी कुठे वाढतेय ते कळायचं, आणि २०१५ मध्ये ती प्रत्यक्ष वापरलीही गेली. पुढे याच वाटेवर नाशकात टीसीएस फाउंडेशनचं डिजिटल इम्पॅक्ट स्क्वेअर उभं राहिलं, जिथे तरुण मुलं आधी लोकांत फिरून प्रश्न समजून घेतात.

मला त्या मेळ्यातलं एक दृश्य आठवतं. पंचवटीत एका वळणावर विदर्भातून आलेल्या आजी उभ्या होत्या. डोक्यावर गाठोडं, पायात काही नाही, मागे पाच-सहा बायका एकमेकींच्या पदराला धरून. समोर मोठा फलक होता, त्यावर सेक्टरचे नंबर आणि बाण. आजी त्याच्याकडे बघतही नव्हत्या. प्रत्येकाला विचारत होत्या, "बाबा, गंगा कुठं?" आपण नाशिककरही गोदावरीला गंगाच म्हणतो, 'गंगेवर जाऊन येतो' म्हणतो. फलकावर तो शब्द नव्हता. आणि मागची एक बाई मागे राहिली म्हणून सगळ्या जणी भर रस्त्यात थांबल्या, त्यांच्यामागे पन्नास माणसं थांबली. गर्दी कॅमेऱ्यातून बघितली की ठिपके दिसतात. जवळून बघितली की कळतं, माणसं एकएकटी चालत नाहीत, गटाने चालतात आणि आपलं माणूस सुटलं की थांबतात. प्रत्येक वळणापुढे बाजूला थांबायला थोडी जागा, चित्राची खूण, आणि 'गंगेकडे' असा फलक असावा, असं मला मनापासून वाटतं. पण माझं वाटणं पुरेसं नाही. एखाद्या पर्वणीच्या दिवशी, साध्या गर्दीतही, अशा चार आजींबरोबर बसस्थानकापासून रामकुंडापर्यंत चालत जाऊन बघायला हवं, आणि २०२७ च्या आत ते अनेकदा करायला हवं.

या पद्धतीच्या मर्यादा सांगितल्याशिवाय लेख पुरा होणार नाही. रस्ता नसेल तर त्याला डिझाइन हा पर्याय नाही, रस्ताच हवा. डॉक्टरचं पद रिकामं असेल तर ते भरायलाच हवं. आमच्या बाजारातल्या खोलीत सोनोग्राफी होत नव्हती आणि होणारही नव्हती. लोकांच्या कल्पकतेचं कौतुक करून सरकारची जबाबदारी हलकी करणं हा त्यांच्यावर अन्याय आहे. दुसरं म्हणजे, नाशिकच्या एखाद्या हॉटेलच्या हॉलमध्ये भिंतीवर रंगीत चिठ्ठ्या चिकटवून दिवसभर जे चालतं, त्यात पाड्यावरचं एकही माणूस नसेल तर त्याला मानवकेंद्री म्हणू नये. माणूस बोलावला तर त्याचा रोज बुडतो, तो भरून द्यावा. सरपंचांच्या ओसरीवर बसून ऐकलेलं म्हणजे गावाचं म्हणणं असंही धरू नये. ज्या घरची माणसं ओसरीवर येत नाहीत, त्यांच्या दारात जावं. आणि ऐकून घेतलं तर परत जाऊन सांगावं, तुमच्या सांगण्याचं पुढे काय झालं ते. काही पाड्यांवर इतक्या जणांनी येऊन इतके प्रश्न विचारलेत की लोक आता नमस्कार करून आत निघून जातात. त्यांचं काही चुकत नाही.

कुणाला सुरुवात करायची असेल, शाळा समितीत, बचत गटात, गणेश मंडळातसुद्धा, तर मी एवढंच सुचवेन: पुढच्या बैठकीत 'जनजागृती' हा शब्द निघाला की तिथे थांबा. ज्यांना जागं करायचंय त्यांच्यातल्या एकीबरोबर एक अख्खा दिवस काढा, वही पिशवीत ठेवून. मग परत या आणि प्रश्नाचं वाक्य पुन्हा लिहा.

आमचं वाक्य आम्हाला यंदा पुन्हा लिहावं लागणार आहे. आशाताईंचा परवा फोन आला होता. दिवाळीनंतर पाड्यावरच्या आणखी घरांनी निफाडच्या द्राक्षबागांत जायचं ठरवलंय, या वेळी बायकाही बरोबर जाणार, त्यांत चार गरोदर आहेत. बाजारातली खोली इथे आणि बायका तिकडे बागेत, डिपिंगच्या, म्हणजे घड औषधात बुडवायच्या कामाला. कार्ड बरोबर दिलं तर तिकडच्या सिस्टर नोंद करतील का, बागेतून सुट्टी कोण देणार, रोज बुडाला तर कोण भरणार, आशाताई विचारत होत्या. मला माहीत नव्हतं. पुढच्या आठवड्यात आम्ही दोघी निफाडला जातोय, मजुरांच्या पालांवर दोन दिवस राहायला.